भिंतीचा घोट

पत्र घेऊन शिपाई आला तेव्हा मी कुंपण छाटत होतो. अठरा वर्षं मी या कॉलेजात माळी आहे आणि एवढ्या वर्षांत एकाही कागदानं मला बरं काही सांगितलेलं नाही. एकदा कागद आला, नर्सरीमागची खोली तुम्हाला तात्पुरती दिली आहे हे विसरू नये. एकदा आला, आवारातल्या झाडांची फळं तोडू नयेत. झाडं मीच लावलेली होती. मी कात्री खाली ठेवली, हात विजारीला पुसले आणि पुढं केले.

"तुझं नाही रे," शिपाई म्हणाला. "तुझ्या बायकोचं आहे."

मी हात मागं घेतले.

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. आमच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर हिनं चित्रं काढली होती. आधी दाराभोवती चार माणसं, मग खिडकीखाली बकऱ्या, मग पाण्याच्या टाकीवर चढणारी पोरं. "अगं, भिंत कॉलेजची आहे," मी शंभरदा सांगितलं. "चुना फास त्याच्यावर." ती म्हणायची, "चुना तुमच्या तोंडाला फासा, पांढरंफटक पडलंय ते तरी झाकेल." चित्रकलेच्या बाई रोपं न्यायला आल्या की त्या भिंतीसमोर पाच पाच मिनिटं उभ्या राहायच्या. मला वाटायचं, तक्रार लिहून घेतायत.

संध्याकाळी पोरगी कॉलेजातून आली. तिचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण आम्ही साळू म्हणतो, साळुंकीसारखी बोलत असते म्हणून. तिनं पत्र मोठ्यानं वाचलं. ग्रंथालयाच्या चौकाकडच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं आहे, सगळ्यांनी मिळून काढायचं आहे, आणि ज्या समाजाच्या भूमीवर हे महाविद्यालय उभं आहे त्या समाजातील मूळनिवासी कलावंत म्हणून हे काम आपण स्वीकारावं, अशी विनंती.

"मूळनिवासी म्हणजे?" हिनं विचारलं. ती पिठाचे हात तसेच वर धरून बसली होती.

"म्हणजे इथं आधीपासून राहणारे."

"मग उठवलं का?"

"आई, ते पत्रात नाही."

ही हसली. मी हसलो नाही. ग्रंथालयाची भिंत, चौकाकडची. चौकाचं नाव निघालं की मी दुसरीकडं बघतो, ही माझी जुनी सवय आहे.

कमिटीची बैठक पुढच्या आठवड्यात होती. हिला एकटीला जायला नको वाटत होतं म्हणून मी बरोबर गेलो, आणि आत पाऊल टाकताच वाटलं, मेलो असतो तर बरं झालं असतं. टेबलापलीकडं प्राचार्य, चित्रकलेच्या बाई, दोन प्राध्यापक, आणि कोपऱ्यात संस्थेच्या मंडळावरचे ठेकेदार. केस पांढरे झाले होते, पण बसायची ढब तीच होती, मांडीवर मांडी टाकून, एक पाय हलवत. हे सगळं कॉलेज त्यांनीच बांधलं. रिकामी खुर्ची एकच होती, ती हिला मिळाली. दुसरीवर ठेकेदारांची पिशवी होती. ती काही त्यांनी उचलली नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, तर प्राचार्य म्हणाले, "भिंतीला टेकू नका, रंग नवीन आहे."

बाईंनी हिला नमुना कागदावर काढायला सांगितला होता. हिनं काढला होता. डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका, गुरं, पोरं, एक लंगडा म्हातारा, सगळे रांगेत चालत होते, आणि मधे हाताच्या तळव्याएवढी गोल जागा कोरी ठेवलेली.

"ही जागा कशाची?" एका प्राध्यापकानं विचारलं.

"घोटाची," ही म्हणाली.

"म्हणजे?"

"भिंतीला आधी घोट द्यायचा असतो. त्या जागी आधी पाणी कुठं होतं ते विचारायचं आणि तेच पहिलं काढायचं. मग बाकीचं. पाणी ठाऊक नसलं की माणसं कुणीकडं चालवायची?"

प्राचार्यांना ते फार आवडलं. त्यांनी तो शब्द लिहून घेतला. दुसऱ्या प्राध्यापकांना मात्र वाटलं की मधली जागा रिकामीच आहे, तर तिथं संस्थेचं बोधचिन्ह छान बसेल.

"बसेल की," ही म्हणाली. "पण भिंतीच्या मागच्या अंगाला आणखी छान बसेल. तिथं काही नाही. त्याला एकट्याला बघता येईल."

बाई खोकल्या. ठेकेदार हसले नाहीत. ते हिच्याकडं बघतही नव्हते, माझ्याकडं बघत होते.

"इथं पाणी नव्हतंच कधी," ते म्हणाले. "माळरान होतं नुसतं. का रे? तू तर इथलाच."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी ते माझं मलाच कळलं नाही, पण ठेकेदारांना कळलं. त्यांचा पाय पुन्हा हलायला लागला.

आता सांगून टाकतो. झाकून काय उपयोग.

चौकाच्या मधोमध आमच्या वस्तीची विहीर होती. माझ्या आज्यानं आणि त्याच्या भावांनी खणलेली, चार पुरुष खोल. वस्ती उठवून टेकडीपलीकडं नेली, इथं कुंपण पडलं, तेव्हा मी आणि माझा थोरला भाऊ याच ठेकेदारांकडं मजुरीला होतो. चौक सपाट करायची वेळ आली आणि उद्घाटनाची तारीख अंगावर आलेली. विहीर दगड-मुरमानं थराथरानं भरायची, पाणी मारून ठोकून ठोकून बसवायची, तर महिना गेला असता. ठेकेदार म्हणाले, "ही तोडलेली झाडं पडलीयत ना? ढकला आत." दोन दिवस आम्ही भावाभावांनी खोडं ढकलली, फांद्या ढकलल्या, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, फाटक्या चटया, काय काय. वर जुने पत्रे टाकले. पत्र्यावर दोन हात माती. तिच्यावर पुढं फरशा बसल्या. "इथं विहीर नव्हतीच," ठेकेदार म्हणाले. "आणि तुझी बायको पोटुशी आहे म्हणे. माळ्याची जागा निघणार आहे. खोली पण देतात." साळू तेव्हा पोटात होती.

भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. राहिलो ठेकेदार आणि मी. अळीमिळी गुपचिळी.

बायकोला हे ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा वस्ती पलीकडं गेलेली होती आणि इथं कुंपण होतं. वस्तीतल्या जुन्यांनी तिला विहिरीच्या गोष्टी सांगितल्या असतील, पण विहीर नक्की कुठं ते दाखवणार कसं? कुंपणाच्या आत सगळंच बदललं होतं.

काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही भिंतीसमोर उभे होतो. हिनं चुना भिजत घातला होता, लाल माती चाळून ठेवली होती, कोळसा वाटून ठेवला होता. दुपारची वेळ, पोरं वर्गात.

"सांगा," ही म्हणाली. "विहीर कुठं होती?"

ठेकेदारांना कमिटीसमोर होकार दिलेला मी विसरलो नव्हतो. ती विसरली होती असंही नाही. तिला वाटलं, नवरा साहेबलोकांसमोर घाबरला, आपल्याला खरं सांगेल. माझ्यापासून ती जागा दहा पावलांवर होती. मी हात वर केला आणि उजवीकडं, पार टेकडीच्या बाजूला, जिथं आता सायकली लावतात तिकडं दाखवलं.

"तिकडं?"

"तिकडं."

"नक्की?"

"माझ्या आज्याची विहीर, मला ठाऊक नसणार?"

मी आज्याचं नाव घेऊन खोटं बोललो. ती भिंतीच्या उजव्या टोकाला गेली, बोटं लाल मातीत बुडवली आणि पहिला गोल काढला. काढताना ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मी नर्सरीकडं निघालो आणि वाटेत बादलीला पाय लागून पडलो.

पुढचे पंधरा दिवस भिंतीसमोर जत्रा. बाईंनी पोरापोरींच्या पाळ्या लावल्या होत्या. ही कोळशानं आकार काढायची आणि पोरं ठिपके भरायची. बांबूचा माळा बांधला होता, त्याच्यावर ही पदर खोचून बसायची आणि वरून ओरडायची, "अरे त्या गाईला पाच पाय झाले, एक पुस!" प्राचार्यांनीही एक दिवस कोटाच्या बाह्या वर करून एक शेळी रंगवली. शेळी कमी आणि टेबल जास्त दिसत होती. ही म्हणाली, "राहू दे. दूध देईल ते." पोरं तिला काकू म्हणायला लागली. माझी साळू तर आईची दुभाषी झाली होती, कुणी आलं की समजावून सांगायची, "हे सगळे पाण्याला निघालेत. पाणी तिकडं आहे. आमची विहीर."

मी हे ऐकायचो. गुडघाभर गवतात बसून खुरपत असायचो आणि ऐकायचो. भिंतीवरची एकूण एक माणसं उजवीकडं निघाली होती. बायका, गुरं, लंगडा म्हातारा, कडेवरचं पोर, सगळी, मी दाखवलं तिकडं. जिच्यासमोरून ती चालत होती ती खरी जागा मागं टाकून. मला वाटायचं, रंग वाळायच्या आत त्यातलं एखादं मागं वळून माझ्याकडं बघेल. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. जेवण जाईना. हिला वाटलं, ऊन लागलं.

मग पाऊस आला. त्याची ती वेळ नव्हती, पण आठ दिवस लागून राहिला. भिंतीवर ताडपत्र्या टाकल्या, काम थांबलं. नवव्या दिवशी उघडलं तेव्हा मी चौक झाडायला गेलो. मधोमध पोचलो तर झाडूचा आवाज बदलला. फरशीवर झाडू सरसर वाजतो, तिथं तो डबक डबक वाजला. मी खाली वाकलो. सात-आठ फरशा बोटभर खाली गेल्या होत्या. सांध्यांत पाणी नव्हतं. आजूबाजूला सगळीकडं डबकी आणि तिथं कोरडं. सगळं पाणी आत गेलं होतं.

फांद्या कुजल्या होत्या. पत्रे गंजले होते. अठरा वर्षं झाली होती, आणखी काय होणार.

मी चार घमेली वाळू आणली, फरशा उचलल्या, खाली वाळू सारली, पुन्हा बसवल्या. घाईत एक फरशी माझ्याच बोटावर पडली. दोन दिवसांनी पुन्हा बोटभर खाली. या वेळी मागून आवाज आला.

"काय करतोयस?"

ठेकेदार होते, छत्री काठीसारखी टेकून.

"खचतंय, साहेब."

"पावसानं खचतंच. वाळू टाक."

"टाकली, साहेब. परवा कार्यक्रम आहे. पोरं बसणार इथं. मंच..."

"मंच इथंच लागणार. मधे. भिंत मागं दिसायला पाहिजे." त्यांनी छत्रीच्या टोकानं एक फरशी दाबून बघितली. दाबताना ते स्वतः दोन पावलं लांबच उभे होते, हे मी बघितलं. "वाळू टाक आणि तोंड बंद ठेव. विहीर कुणी भरली असं कुणी विचारलं, तर तुझंच नाव निघेल. मी त्या वेळी इथं नव्हतो. खोलीत किती वर्षं झाली तुला?"

"अठरा."

"मग झालं तर."

मी वाळू टाकली.

त्या दोन दिवसांत मी कितीदा ठरवलं आणि कितीदा मोडलं, त्याची गणती नाही. प्राचार्यांच्या दाराशी जाऊन आलो, शिपाई म्हणाला काय पाहिजे, मी म्हणालो, कुंड्यांना पाणी घालायचंय. आत कुंड्याच नव्हत्या. मनाशी म्हणायचो, अठरा वर्षं टिकलं, अजून एक दिवस टिकेल. मग म्हणायचो, अठरा वर्षं त्याच्यावर तीनशे पोरं एकदम बसली कधी होती? नाही. चौकात सभा होत नसे, ती सभागृहात होई. या भिंतीमुळं पहिल्यांदाच चौकात होणार होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी साळू नवा ड्रेस घालून आरशासमोर उभी होती आणि पाठ केलेलं म्हणून बघत होती.

"सन्माननीय प्राचार्य, आणि उपस्थित..."

"हे काय?" मी विचारलं.

"बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं? सूत्रसंचालन मी करणार आहे. अख्खा वेळ मंचावरच."

तिनं सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल. एवढे दिवस माझं कुठंच लक्ष नव्हतं. आता ऐकलं आणि पाचावर धारण बसली. मी तसाच उठलो, दाराशी टेकवलेला झाडू घेऊन, चप्पल न घालता. ही भिंतीपाशी होती, शेवटचे ठिपके देत होती, एका हातात चुन्याची बादली. अजून कुणी आलेलं नव्हतं. फाटकाशी मंचाच्या फळ्या घेऊन टेम्पो उभा होता.

"विहीर तिकडं नाही," मी म्हणालो.

ती वळली नाही. "काय?"

"विहीर इथं आहे. चौकात. मधे. मी भरली. मी आणि दादानं. फांद्या टाकून भरली आणि ती खचतेय. मी तुला खोटं सांगितलं."

हे मी एका दमात बोललो आणि मग मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, हातात झाडू घेऊन रडत होतो. मला वाटलं, ती बादली माझ्या डोक्यात घालेल. घातली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त भिंतीकडं बघत राहिली, डावीकडून उजवीकडं, सगळ्या माणसांवरून एकदा नजर फिरवून. मग म्हणाली, "कुठून कुठपर्यंत?"

"काय?"

"तोंड केवढं होतं? चालून दाखवा. त्याच्यावरून नाही, बाहेरून."

मी चालून दाखवलं. ती माझ्या मागं मागं आली, माझा झाडू बादलीत बुडवून. मी पुढं चालत होतो आणि माझ्या पावलांबाहेर हातभर जागा सोडून ती फरशीवर चुन्याची रेघ ओढत होती. गोल पुरा झाला तशी ती त्याच्या कडेकडेनं ठिपके द्यायला लागली, भिंतीवर देते तसेच.

"अगं, हे काय करतेस? लोकांना सांगायला पाहिजे."

"सांगा ना. तोंड आहे तुम्हाला. तोवर ओल्या चित्रावर कुणी पाय देत नाही."

आणि खरंच. पोरं यायला लागली ती गोलाला वळसा घालून. "काकूंनी खालीपण काढलंय, सांभाळून रे." एकानं चप्पल काढून हातात घेतली. तीनशे पोरं चौकाच्या कडेकडेनं बसली आणि मधे तो पांढरा गोल मोकळा. मी देवाचं नाव घेत होतो. मग टेम्पोतून फळ्या आल्या, आणि त्यांच्या मागून ठेकेदार आले.

"हे काय काढून ठेवलंय? पुसा. मंच इथं लागणार."

फळ्यावाले थांबले. प्राचार्य आले, बाई आल्या. साळू हातात कागद घेऊन धावत आली. "आई, मंच कुठं मग?"

हिनं चुन्याची बादली खाली ठेवली. तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेला मी लग्नापासून भितो, पण त्या दिवशीची नजर वेगळी होती. तिच्यात राग नव्हता. ती नुसती थांबली होती.

"साहेब," मी प्राचार्यांना म्हणालो, आणि आवाज फुटला तो भलताच बारीक, पोरी हसल्या. "इथं विहीर आहे. आमच्या वस्तीची. मी भरली. आत फांद्या आणि पत्रे आहेत. सगळं कुजलं. मंच लावू नका."

"काहीतरी काय बरळतोय," ठेकेदार म्हणाले. "खडकासारखी जमीन आहे. मी स्वतः ठोकून घेतलीय. सकाळीच घेऊन आला असशील तू."

कुणीतरी पुन्हा हसलं. प्राचार्य एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत होते. माळ्याचं ऐकायचं की मंडळाच्या माणसाचं, हे काही फार अवघड नव्हतं. फळ्यावाल्यांनी फळी पुन्हा खांद्यावर घेतली.

"साहेब," ही ठेकेदारांना म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याला विचारावा तसा. "जमीन खडकासारखी आहे ना? मग तुम्ही जरा मधे उभे राहून दाखवा. चित्र पुसलं तर पुसू दे. मी परत काढीन."

"मी कशाला उभा राहू?"

"नुसते उभे राहा. दोन मिनिटं."

ठेकेदार पुढं आले. चुन्याच्या रेघेपाशी आले. मला वाटलं, आता टाकतील पाय. त्यांनी उजवा पाय उचलला, बूट रेघेवर अधांतरी राहिला, आणि त्यांनी तो परत मागं घेतला. "चिखल आहे," ते म्हणाले. फरशी कोरडी ठणठणीत होती. तीनशे पोरांनी ते बघितलं.

प्राचार्यांनी मला पहार आणायला सांगितली. मी पोटावर आडवा झालो, गोलाच्या बाहेरून हात लांबवून दोन फरशांच्या फटीत पहार लावली आणि दाबली. जोर करावाच लागला नाही. पहार हातातून सुटली आणि खाली गेली. खाली कुठंतरी पाण्यात पडल्याचा आवाज आला. साळू माझ्या मागं उभी होती, तिनं माझा सदरा मागून घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

कार्यक्रम झाला नाही. चौक बंद करून दोर बांधले. उघडलं तेव्हा आत काळं कुजकं लाकूड निघालं, गंजलेल्या पत्र्यांचे तुकडे निघाले, आणि ते सगळं उपसल्यावर खाली स्वच्छ पाणी. ठेकेदारांनी तब्येतीचं कारण देऊन मंडळ सोडलं. मला प्राचार्यांनी बोलावलं. मी खोलीची चावी हातातच घेऊन गेलो होतो. रात्रीच भांडी बांधून ठेवली होती.

"ती खिशात ठेवा," ते म्हणाले. "विहीर पुन्हा बांधून काढायची म्हणतात मंडळी, वरून जाळी टाकून. आत काय काय टाकलंय ते ठाऊक असलेला माणूस पाहिजे."

नोकरी राहिली. खोली राहिली. घरी येऊन भांडी सोडली. पुढचे चार दिवस ही माझ्याशी मीठ-पिठाएवढंच बोलली.

पाचव्या दिवशी ती भिंतीपाशी गेली. मी लाल माती कालवून मडकं घेऊन मागून गेलो. तिनं उजव्या टोकाचा घोट खरवडून काढला, चांगला प्लास्टरपर्यंत. मला वाटलं, आता ही खऱ्या जागी नवा घोट काढणार आणि सगळ्या माणसांची तोंडं तिकडं वळवणार. मी मडकं पुढं केलं.

"नको," ती म्हणाली.

"अगं, मग ही सगळी कुठं चालली?"

ती हाताला लागलेली लाल माती झटकत होती. तेवढ्यात चित्रकलेच्या बाई आल्या, त्यांनीही तेच विचारलं. "ताई, हे आता कुठं चाललेत? तिथं तर पाणीच नाही."

"नाही," ही म्हणाली. "त्यांना घरच्याच माणसानं तिकडं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मी चार पावलांवर मडकं धरून उभा होतो. हिनं माझ्याकडं बघितलं नाही आणि बाईंनीही नाही.

आता भिंतीखाली पितळेची पाटी आहे. वर हिचं नाव, खाली तेच वाक्य. पाटी पुसणं माझ्याच कामात येतं. पाहुणे येतात, वाचतात, मग शेजारी विहीर बघतात आणि पुन्हा चित्राकडं बघतात. पहिले काही महिने कुणी आलं की मी कुंपणामागं जायचो. परवा एक म्हातारे गृहस्थ आले, बरोबर नात होती. तिनं अक्षर अक्षर लावून पाटी वाचली आणि मला, फडकं घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, विचारलं, "काका, कोण होता तो घरचा माणूस?"



"मी," मी म्हणालो, आणि पाटीचा राहिलेला कोपरा पुसला.